मराठीतील अरबी शब्द

मराठीतील अरबी शब्द : अरबी भाषेतून, बहुतांशी फार्सीच्या द्वारे, मराठीत येऊन स्थिरावलेला शब्दसमूह. राज्यकारभार, जमीनमहसूल, न्याय, व्यापार, लष्कर आणि कालगणना ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत. ‘हक्क’, ‘वकील’, ‘तालुका’, ‘अर्ज’, ‘शिवाय’, ‘फक्त’ यांसारखे शब्द परके असल्याची जाणीवही आज मराठी भाषकास होत नाही. याउलट ‘मुन्तखब’, ‘मश्रूत’, ‘इसन्ने’, ‘सितैन’ यांसारखे शब्द जुन्या दप्तरांपुरते उरले आहेत. पहिल्या गटातील शब्दांचे मूळ अर्थ विस्मृतीत गेले, तर दुसऱ्या गटातील शब्दच विस्मृतीत गेले. या दोन्ही गटांचे यथार्थ ज्ञान असल्याखेरीज महाराष्ट्राच्या, विशेषतः मराठवाड्याच्या, जुन्या कागदपत्रांचा अर्थ लावता येत नाही.

अरबी कोशपरंपरा : अरबीत बहुसंख्य शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून सिद्ध होतात. धातूतील व्यंजनांचा क्रम कायम राहतो व स्वरांच्या आणि उपसर्ग-प्रत्ययांच्या योजनेने नाम, विशेषण, कर्ता, कर्म, स्थान इ. अर्थांची रूपे बनतात. इस्लामच्या आरंभीच्या शतकांत कुराण, हदीस व प्राचीन काव्य यांतील दुर्बोध शब्दांचा उलगडा करण्याची गरज भासली आणि त्यातून कोशरचनेस प्रारंभ झाला. आठव्या शतकात खलील इब्न अहमद याने आरंभिलेला किताब अल्-ऐन हा अरबीचा आद्य कोश मानला जातो. त्याची मांडणी उच्चारस्थानांनुसार असून ‘ऐन’ या कंठ्य वर्णापासून ती सुरू होते, म्हणून कोशास ते नाव पडले. इब्न मंझूरचा लिसान अल्-अरब हा तेराव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण झालेला कोश, फिरोजाबादीचा अल्-कामूस अल्-मुहीत आणि त्यावरील ताज अल्-अरूस हा अठराव्या शतकातील विशाल भाष्यकोश हे या परंपरेतील पुढचे महत्त्वाचे टप्पे होत. ताज अल्-अरूसचा कर्ता मुर्तझा झबीदी याचा जन्म उत्तर भारतातील बिलग्राम येथे १७३२ मध्ये झाला.

दुर्मिळ किंवा अपरिचित शब्दास अरबी कोशकारांनी दिलेली संज्ञा ‘गरीब’ अशी आहे. ‘परका’, ‘परदेशी’, ‘विलक्षण’ हे तिचे मूळ अर्थ. घरापासून दूर असलेला तो परका, आणि नित्य व्यवहारापासून दूर असलेला शब्द तोही परका, अशी ही कल्पना आहे. परदेशी मनुष्य निराधार असतो, म्हणून पुढे या शब्दास ‘दीन’, ‘निर्धन’ हा अर्थ आला आणि मराठीने तोच स्वीकारला. कोशकाराची ‘गरीब’ ही संज्ञा मराठीत येताना स्वतः मात्र दुर्मिळ राहिली नाही. ती अत्यंत घरगुती झाली. मराठीतील अरबी शब्दांचा इतिहास सामान्यतः याच स्वरूपाचा आहे.

आगमनाचे मार्ग : अरब व्यापाऱ्यांचा कोकण किनाऱ्याशी संबंध प्राचीन आहे. अल्-मसूदी या प्रवाशाने दहाव्या शतकाच्या आरंभी चौल बंदरास भेट दिली होती. नौकानयनाशी निगडित काही शब्द या मार्गाने पसरले. ‘मौसिम’ म्हणजे ठराविक काळ, हंगाम. यापासून मराठीत ‘मोसम’ व ‘मोसमी’ ही रूपे आली. तोच शब्द पोर्तुगीज व इंग्रजी यांतून फिरून ‘मान्सून’ या रूपाने पुन्हा मराठीत आला. ‘मोसमी पाऊस’ व ‘मान्सून’ या दोन्ही प्रयोगांत मुळात एकच अरबी शब्द आहे.

तथापि, अरबी शब्दांचा मोठा ओघ भूमार्गाने व राजसत्तेबरोबर आला. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जीने देवगिरीवर स्वारी केली व १३१८ च्या सुमारास यादवसत्ता संपुष्टात आली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी आणली. १३४७ मध्ये बहमनी राज्याची स्थापनाही दौलताबाद येथेच झाली. या दरबारांची लेखनभाषा फार्सी होती आणि त्या फार्सीत अरबी शब्दांचा भरणा होता. परिणामतः मराठीस अरबी शब्द मिळाले ते फार्सी उच्चारांत व फार्सी अर्थच्छटांसह मिळाले. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ‘अर्जदस्त’ या नावाचे रूपक रचावे, यावरून दप्तरातील हे शब्द तोपर्यंत सामान्य श्रोत्यांच्या कानी किती रुळले होते, हे दिसून येते.

ध्वनी व रूपभेद : अरबीत भिन्न असलेले अनेक वर्ण फार्सी उच्चारात एकरूप झाले व मराठीत तेच एकरूपत्व आले. मराठीतील एका ‘ज’मागे अरबीचे निदान चार वर्ण असू शकतात : ‘जकात’मध्ये जे, ‘जिम्मा’मध्ये जाल, ‘जामीन’ व ‘जप्ती’मध्ये ज्वाद, तर ‘जाहीर’मध्ये जोय. ‘सन’, ‘साहेब’ व ‘वारस’ यांतील ‘स’ अरबीत तीन वेगळे वर्ण आहेत. ‘तारीख’ आणि ‘तर्फ’ यांचे ‘त’ही भिन्न होत. यामुळे मुळात असंबद्ध असलेले शब्द मराठीत एक होऊन बसले. ‘नजर’ हा याचा ठळक नमुना आहे. ‘दृष्टी’ या अर्थाचा नजर आणि ‘वाहिलेली वस्तू, भेट’ या अर्थाचा नजर हे अरबीत वेगवेगळ्या वर्णांनी लिहिले जाणारे दोन स्वतंत्र शब्द आहेत. ‘नजरपाहणी’त पहिला, तर ‘नजराणा’त दुसरा आहे. त्याचप्रमाणे ‘शव्वाल’ हा महिना मराठी पत्रांत ‘सवाल’ असा लिहिला जाई व प्रश्नार्थी ‘सवाल’शी एकरूप होई.

‘ऐन’ हा कंठ्य वर्ण मराठीत टिकला नाही. ‘अर्ज’, ‘अंमल’, ‘अक्कल’ यांच्या आरंभी तो केवळ स्वररूपाने उरला. काही शब्दांत मात्र त्याच्या जागी ‘ह’ आला. ‘जिल्अ’ म्हणजे बरगडी किंवा बाजू. त्यापासून मराठीत ‘जिल्हा’ झाला. कवी या अर्थाच्या ‘शाइर’चा ‘शाहीर’ झाला. शब्दाच्या अखेरची जोडाक्षरे मराठीच्या प्रकृतीस मानवत नसल्याने त्यांच्यामध्ये स्वर आला : हुक्म–हुकूम, फिक्र–फिकीर, जिक्र–जिकीर, कब्र–कबर. ‘क’चा ‘ग’ किंवा ‘ख’ होणे हेही नित्याचे आहे : नक्द–नगद, वक्त–वखत. ‘नक्द’चे ‘नक्त’ हेही रूप कागदपत्रांत आढळते. शेतकऱ्यास बी-बियाण्यासाठी सरकारातून मिळणाऱ्या कर्जास ‘तकावी’, ‘तगावी’ व ‘तगाई’ अशी तीन नावे आढळतात. तिन्हींच्या मुळाशी ‘बळ देणे’ या अर्थाचा अरबी धातू असून ‘कुवत’ हा शब्दही त्याच धातूचा होय.

एकाच शब्दाची दोन रूपे भिन्न अर्थांनी रूढ होणे, हा रूपभेदाचा सर्वांत फलदायी प्रकार म्हणता येईल. अट या अर्थाच्या ‘शर्त’पासून अट दर्शविणारा ‘शर्त’ राहिला आणि पैजेच्या अर्थावरून धावण्याची ‘शर्यत’ निघाली. ‘खारिज’ म्हणजे बाहेर गेलेला. त्यापासून ‘दावा खारीज करणे’ यातील खारीज व ‘याखेरीज’ यातील खेरीज अशी दोन रूपे झाली. ‘तरफ’ म्हणजे कड, बाजू. त्यापासून मुलखाच्या विभागास ‘तर्फ’, दिशेस ‘तरफ’ आणि ‘च्या वतीने’ या अर्थी ‘तर्फे’ असे तीन प्रयोग सिद्ध झाले. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नसल्यामुळे लेखनातील विविधता आणखी वाढली.

अरबी अनेकवचनांचे एकवचन : अरबीत पुष्कळ नामांचे अनेकवचन प्रत्यय न लावता शब्दाच्या अंतर्गत स्वररचनेत बदल करून होते. मराठीने अशी अनेकवचने स्वतंत्र एकवचनी शब्द म्हणून घेतली. ‘हाल’चे अनेकवचन ‘अहवाल’. मराठीत ‘हाल’ म्हणजे दुर्दशा व ‘अहवाल’ म्हणजे वृत्तान्ताचा लेख. ‘अमीर’चे अनेकवचन ‘उमरा’. मराठीत एका व्यक्तीसही ‘उमराव’ म्हणतात. ‘वलद’ म्हणजे मुलगा व ‘अवलाद’ म्हणजे मुले. ‘वक्त’चे अनेकवचन ‘औकात’. तिचा अर्थ मराठीत पात्रता असा झाला. ‘कायदा’ म्हणजे पाया, नियम. त्याचे अनेकवचन ‘कवाइद’. नियमांनुसार करावयाच्या लष्करी हालचालींस मराठीत ‘कवाईत’ म्हणतात, पण कायदा आणि कवाईत यांचे नाते भाषकांच्या ध्यानी येत नाही.

धातुकुले : अरबी शब्द सुटे सुटे आले तरी एका धातूची अनेक रूपे आल्यामुळे मराठीत त्यांची कुले तयार झाली आहेत. ‘मिळणे, निष्पन्न होणे’ या अर्थाच्या ह-स-ल धातूपासून ‘हासील’ (उत्पन्न), ‘महसूल’ (वसूल झालेले), ‘तहसील’ (वसुली) व ‘काय हशील?’ यातील ‘हशील’ हे शब्द आले. अ-म-ल या ‘काम करणे’ अर्थाच्या धातूपासून ‘अंमल’, ‘अंमलदार’, ‘मामला’, ‘मामलेदार’ व ‘मामुली’ हे शब्द सिद्ध झाले. ‘मामूल’ म्हणजे नेहमी केले जाणारे, वहिवाटीचे. जे नेहमीचे ते क्षुल्लक, या वाटेने ‘मामुली’स आजचा अर्थ आला. ‘एका वस्तूच्या जागी दुसरी घेणे’ या अर्थाच्या ब-द-ल धातूने ‘बदल’, ‘बदली’, ‘मोबदला’ आणि ‘बद्दल’ हे शब्दयोगी अव्यय दिले. ‘आत जाणे’ या अर्थाच्या द-ख-ल पासून ‘दाखल’, ‘दखल’ व ‘दाखला’, तर ‘बाहेर जाणे’ या अर्थाच्या ख-र-ज पासून ‘खर्च’, ‘खारीज’ व ‘खेरीज’. ‘जमाखर्च’ या नित्याच्या शब्दात ‘एकत्र होणे’ व ‘बाहेर जाणे’ अशा दोन अरबी कल्पना एकत्र आल्या आहेत.

‘ऐन’ या शब्दाचे कुल विशेष उल्लेखनीय आहे. अरबीत ऐन म्हणजे डोळा. झरा, हेर, वस्तूचे मूळ स्वरूप, रोख धन इ. अनेक अर्थही कोशकारांनी नोंदविले आहेत. यांपैकी ‘मूळ, प्रत्यक्ष’ हा अर्थ मराठीने घेतला. ‘ऐन वेळी’, ‘ऐन तारुण्यात’ यांत तो आहे. महसुली हिशेबात ‘ऐन जमा’ म्हणजे मूळ आकार व ‘शिवाय जमा’ म्हणजे त्यावरील अन्य बाबींचे उत्पन्न. ‘निश्चित करणे’ या अर्थाने त्याच धातूपासून ‘मोईन’ (ठरावीक नेमणूक) व ‘तैनात’ ही रूपे आली.

अर्थांतर : अरबी, फार्सी व मराठी अशा तीन टप्प्यांतून येताना शब्दांच्या अर्थांत संकोच, विस्तार वा स्थलांतर झाले. ‘इस्म’ म्हणजे नाव. मराठीत ‘इसम’ म्हणजे व्यक्ती. नावनिशीवार यादीतील प्रत्येक नाव म्हणजे एक माणूस, या दप्तरी व्यवहारातून हा अर्थ आला असावा. ‘इसमवार’ या शब्दात मूळ अर्थ अद्याप दिसतो. ‘इवज’ म्हणजे बदली वस्तू. ‘ऐवजी’मध्ये हा अर्थ जसाच्या तसा आहे, परंतु ‘ऐवज’ म्हणजे मौल्यवान चीजवस्तू. ‘रईयत’ म्हणजे राखला जाणारा कळप. त्यावरून राजाने सांभाळावयाची प्रजा, म्हणजे ‘रयत’. ‘अक्ल’ या शब्दाच्या धातूचा संबंध कोशकार उंटाचा पाय बांधण्याच्या दोरीशी जोडतात. मनास आवरते ती ‘अक्कल’. ‘गल्ला’ म्हणजे जमिनीचे उत्पन्न. मराठीत धान्य आणि दुकानदाराची पैशांची पेटी. ‘रुजू’ म्हणजे परतणे. मराठीत कामावर हजर होणे. बरोबर चालणे या अर्थाच्या अरबी रूपापासून फार्सीत ‘तमाशा’ म्हणजे फेरफटका, मौजेने पाहणे असा अर्थ झाला आणि महाराष्ट्रात ते एका लोकनाट्याचे नाव झाले.

काही अर्थांतरे समाजरचनेची द्योतक आहेत. ‘वतन’ म्हणजे राहण्याचे ठिकाण, मायभूमी. महाराष्ट्रात वंशपरंपरागत अधिकार व त्याबद्दल मिळणारी जमीन वा उत्पन्न यास वतन म्हणू लागले. ‘मीरास’ म्हणजे वारसा. येथे ती गावातील कायम हक्काची शेतजमीन झाली. ‘जकात’ हे इस्लाममधील धर्मकर्तव्य. मराठीत मात्र मालाच्या आयातीवरील कर. महाराष्ट्रातील नगरसंस्थांची जकात टप्प्याटप्प्याने रद्द होत गेली व १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबई महानगरपालिकेची जकातही बंद झाली.

सुहूर सनाची अंकनामे : अभिजात अरबीची मूळ व्याकरणरूपे सर्वांत अधिक प्रमाणात जतन झाली ती मराठी पत्रांतील वर्षनामांत. हिजरी वर्ष चांद्र व सु. ३५४ दिवसांचे असल्याने पिकांच्या हंगामाशी त्याचा मेळ बसत नाही. म्हणून दक्षिणेत १३४४ च्या सुमारास, हिजरी ७४५ या वर्षाचा अंक घेऊन, सौरमानाची एक गणना सुरू झाली. तीस ‘शुहूर’ किंवा ‘सुहूर’ सन म्हणतात. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करी तेव्हा वर्ष बदले, म्हणून ‘मृगसाल’ असेही तिचे नाव आहे. ‘शुहूर’ हे महिना या अर्थाच्या ‘शहर’ या अरबी शब्दाचे अनेकवचन होय.

या सनाचा अंक आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहीत. एक ते नऊ : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा; दहा म्हणजे अशर. वीस ते नव्वद हे दशक : अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभर म्हणजे मया, दोनशे म्हणजे मयातैन व हजार म्हणजे अलफ. अंकांचा क्रम एककाकडून हजाराकडे असतो व अखेरीस ‘व’ हे अरबी उभयान्वयी अव्यय येते. उदा., ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. अरबी इतिहासग्रंथांतील वर्षलेखनाची पद्धती हीच आहे. वर्षवाचक ‘सन’ हा शब्द अरबीत स्त्रीलिंगी असल्याने त्याबरोबरची संख्यानामेही त्या लिंगास अनुरूप घ्यावी लागतात. मराठी लेखकाने ‘सलास’, ‘अर्बा’, ‘खमस’ अशी जी रूपे लिहिली, ती नेमकी त्याच नियमाने सिद्ध झालेली आहेत. अरबी न जाणणाऱ्या कारकुनांनी ती केवळ परंपरेने पाठ करून शतकानुशतके चालविली.

सुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले असता इसवी सन येतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तेव्हा सुहूर सन ११६१ चालू होता, तर हिजरी वर्ष ११७४ होते. वैजापूरजवळील पालखेडची मोहीम फेब्रुवारी १७२८ मध्ये संपली. ते वर्ष ‘समान अशरीन मया व अलफ’ म्हणजे ११२८ होय. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाचे वर्ष ‘सलास मयातैन व अलफ’ म्हणजे १२०३ होय. ‘सबा’ (७) व ‘सबैन’ (७०) किंवा ‘सबैन’ व ‘तिसैन’ (९०) यांच्या वाचनात गफलत झाल्यास कागदाचा काळ कित्येक दशकांनी चुकतो. ‘समान’ हा आठ या संख्येचा वाचक शब्द संस्कृत ‘समान’सारखा दिसतो, हेही वाचकास चकविणारे आहे.

पत्रातील तिथी बहुधा मुसलमानी महिन्याच्या चंद्राने दिली जाई. या महिन्यांच्या मराठी नावांत अरबी ‘अल्’ हे उपपद शब्दात मिसळून गेले आहे : रबी अल्-अव्वलचे ‘रबिलावल’, जुमादा अल्-आखिरचे ‘जमादिलाखर’, जुल्-कादाचे ‘जिल्काद’, जुल्-हिज्जाचे ‘जिल्हेज’. ‘बिलकुल’ व ‘अलबत’ या नित्याच्या शब्दांतही तेच उपपद आहे.

मराठवाड्यातील दप्तर : छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) आणि त्याचा परिसर या शब्दसमूहाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. शहराच्या पश्चिमेस दौलताबादच्या रस्त्यावर पडेगाव आहे. कागदोपत्री ‘मौजे पडेगाव, तालुका व जिल्हा छत्रपती संभाजीनगर’ असा त्याचा निर्देश केला असता त्यातील गावाचे नाव मराठी असून प्रशासनाचे तिन्ही शब्द अरबी असतात. ‘मौजे’चे मूळ ‘मौजा’, म्हणजे ठेवण्याची जागा, ठिकाण. ‘तालुका’चे मूळ ‘तअल्लुका’, म्हणजे संबंध, जोडलेला भाग. आणि ‘जिल्हा’चे मूळ बरगडी, बाजू. त्याच रस्त्याने पुढे गेल्यास ‘दौलत’ म्हणजे मुळात फिरणे, सत्तेचा फेरा, या शब्दावरून नाव मिळालेले दौलताबाद आणि ‘खुल्द’ म्हणजे शाश्वती यावरून नाव पडलेले खुलदाबाद ही गावे लागतात. औरंगजेबास मरणोत्तर ‘खुल्द-मकान’ म्हटले जाई, त्यावरून रौजा या गावास ते नाव मिळाले. मराठीत त्याचे ‘खुलताबाद’ हेही रूप रूढ आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी शहरास पाणी पुरविणारी ‘नहर’, तसेच बीबीचा ‘मकबरा’ हे शब्दही अरबीच होत.

हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची दप्तरी भाषा प्रथम फार्सी व १८८४ पासून उर्दू होती. त्यामुळे मुंबई इलाख्यातील मराठी जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकात मागे पडलेले कित्येक अरबी शब्द मराठवाड्याच्या महसुली दप्तरात पुढेही वापरात राहिले. संस्थानी कागदांवरील वर्ष फसली असे. ‘फस्ल’ म्हणजे विभाग, ऋतू व त्यावरून पीक. दक्षिणेकडील फसली सनात ५९० वा ५९१ मिळविल्यास इसवी सन येतो. १७ सप्टेंबर १९४८ हा हैदराबाद मुक्तीचा दिवस १३५७ फसलीत येतो.

या दप्तरांतील शब्दांच्या अर्थावर आजही जमिनीचे हक्क अवलंबून असतात. ‘मुन्तखब’ म्हणजे निवडलेले, वेचलेले. संस्थानी व्यवहारात इनामाची चौकशी पूर्ण होऊन झालेल्या निर्णयाचा जो उतारा मिळे, तो मुन्तखब. इनामाचा तो प्रमुख पुरावा मानला जातो. ‘मदद-माश’ म्हणजे उपजीविकेस साहाय्य म्हणून दिलेले इनाम, तर ‘खिदमत-माश’ म्हणजे देवस्थान, मशीद, दर्गा इत्यादींच्या सेवेबद्दलचे इनाम. दोन्हींतील ‘माश’ हा निर्वाहवाचक शब्द एकच असला, तरी एक जमीन व्यक्तीच्या निर्वाहासाठी व दुसरी सेवेशी बांधलेली असा भेद पहिल्या शब्दामुळे पडतो. ‘मश्रूत-उल्-खिदमत’ म्हणजे सेवेच्या अटीने दिलेली. ‘शर्त’ व ‘शर्यत’ यांचाच हा तिसरा भाऊबंद. ‘वक्फ’ या शब्दाचा मूळ अर्थ थांबणे, थांबवून ठेवणे. जी मालमत्ता विक्री व वारसा यांतून थांबवून धर्मकार्यास वाहिली ती वक्फ. त्याच धातूचा ‘मौकूफ’ म्हणजे स्थगित आणि ‘वाकिफ’ म्हणजे माहीतगार. दुसऱ्यापासून मराठीत ‘वाकबगार’ झाला. हैदराबाद अतियात चौकशी अधिनियम, १९५२ यातील ‘अतियात’ हा ‘देणगी’ या अर्थाच्या ‘अतिया’चा अनेकवचनी शब्द आहे. १९५४ च्या अधिनियमाने इनामे रद्द करण्याची तरतूद झाली. परंतु कोणते इनाम कोणत्या प्रकारचे, हे ठरविण्यासाठी मूळ कागदातील शब्दाकडेच जावे लागते. एका शब्दाचे चुकीचे भाषांतर हे अशा वेळी कुटुंबाच्या किंवा संस्थेच्या हक्काचा प्रश्न ठरू शकते. मोडी, फार्सी व उर्दू लिप्या वाचणारे जाणकार कमी होत असल्याने ही अडचण वाढत आहे.

अभ्यास व भाषाशुद्धी : दप्तरी मराठीतील परकीय शब्दांचा पहिला पद्धतशीर विचार शिवकालात झाला. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांच्या नावे तयार झालेल्या राजव्यवहारकोशात अरबी-फार्सी संज्ञांस संस्कृत पर्याय दिलेले असून त्याचे दहा वर्ग आहेत. अष्टप्रधानांच्या नावांतही ‘मुजुमदारा’चा अमात्य व ‘वाकनिसा’चा मंत्री झाला. शुद्धीकरणासाठी रचलेला हा कोश आज त्या काळी रूढ असलेल्या अरबी-फार्सी शब्दांचे एक विश्वसनीय साधन ठरला आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) शब्दांपुढे मूळ भाषेची खूण आढळते. वि. का. राजवाडे यांनी निरनिराळ्या काळांतील पत्रांतल्या शब्दांची मोजदाद करून फार्सीच्या प्रभावाचा चढउतार दाखविण्याचा प्रयत्न केला. माधव त्रिंबक पटवर्धन (माधव ज्यूलियन) यांचा फार्शी-मराठी कोश १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. अब्दुल हक यांचा मराठीवरील फार्सीच्या प्रभावाविषयीचा उर्दू ग्रंथ १९३३ मध्ये औरंगाबाद येथून प्रकाशित झाला. मराठवाडा विद्यापीठात अध्यापन केलेले यू. म. पठाण यांनी बखरींतील फार्सीच्या स्वरूपाचे संशोधन केले.

विसाव्या शतकात वि. दा. सावरकर यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली. ‘तारीख’ऐवजी ‘दिनांक’ यासारखे त्यांचे काही पर्याय रूढ झाले. न्यायालयातील पक्षकार मात्र अजूनही ‘पुढच्या तारखे’चीच वाट पाहतो. माधव ज्यूलियन यांनीही, स्वतः फार्सीचे अध्यापक असून, भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. शासनव्यवहाराच्या मराठीकरणात ‘हुकूम’च्या जागी ‘आदेश’ आला. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या अधिनियमाच्या नावातच ‘महसूल’ कायम आहे. जेथे शब्दामागे व्यवस्था टिकली तेथे शब्दही टिकला, आणि जेथे व्यवस्था संपली तेथे तो कागदातच राहिला, असे सर्वसाधारणपणे म्हणता येईल.

मराठीतील अरबी शब्दाचा अर्थ ठरविताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : अरबी कोशातील धात्वर्थ, फार्सी दरबारातील पारिभाषिक अर्थ आणि मराठीतील रूढ अर्थ. धात्वर्थ शब्दाचे कुल सांगतो, पण कागदाचा निर्णय करीत नाही. आणि आजचा रूढ अर्थ जुन्या कागदास लावल्यास तो दिशाभूल करतो. विशिष्ट काळी, विशिष्ट दप्तरात तो शब्द कोणत्या अर्थाने योजला जाई, हे त्याच दप्तरातील अन्य प्रयोगांवरून निश्चित करणे हाच मार्ग उरतो. त्यासाठी मराठवाड्यातील जिल्हा दप्तरांत आढळणाऱ्या अशा शब्दांचा रूपभेदांसह आणि कालानुक्रमे कोश होणे आवश्यक आहे.